खाणीत उतरलेला माणूस सुखरूप घरी यावा म्हणून



चंद्रपूर, बल्लारपूर, वणी, सावनेर, कामठी या कोळशाच्या पट्ट्यात आपल्या समाजाच्या कितीतरी वस्त्या आहेत. आजोबा खाणीत टोपलीने कोळसा भरत होते, वडील टब ढकलत होते आणि आज नातू ठेकेदाराकडे रोजाने जातो, अशी तीन पिढ्यांची घरे आम्ही पाहिली आहेत. अशाच एका वस्तीत मागच्या पावसाळ्यात आम्ही विहारात आरोग्याची बैठक घेतली. बैठक होती रक्तदाब आणि साखरेवर. पण बोलणे गेले दुसरीकडेच.

त्या वस्तीतला एक तरुण वर्षभरापूर्वी भूमिगत खाणीत छत कोसळून गेला होता. मागे बायको आणि दोन लेकरे. बैठकीत त्याची म्हातारी आई म्हणाली, "नशिबात होतं त्याच्या. आपण काय करणार, बाई?" सगळ्या बाया गप्प झाल्या. तेव्हा मागे बसलेले एक काका उठले. तीस वर्षे भूमिगत खाणीत काढून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "नशीब नाही, माय. छत काही एकदम नाही पडत. पहिले बोलते, मग पडते. दोन दिवस बोलत होतं ते. ऐकणारं कोणी नव्हतं."

त्या वाक्याने आम्हाला हा लेख लिहायला लावला. खाणीतला अपघात आकाशातून पडत नाही. त्याला कारण असते, आणि बहुतेक वेळा ते कारण आधी दिसते, ऐकू येते किंवा मोजता येते. कारण दूर केले तर अपघात टळतो. आपल्या घरातला माणूस ज्या अंधारात उतरतो, तिथे काय काय धोके आहेत ते घरातल्या प्रत्येकाला माहीत असले पाहिजे.

बाबासाहेब खाणीत उतरले होते

जुलै १९४२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसा खाणी पाहायला गेले. नुसते कचेरीत बसून त्यांनी अहवाल वाचला नाही. ते स्वतः खाणीत खाली उतरले, कामगार कोळसा कसा काढतात ते पाहिले, त्यांच्या राहण्याच्या जागा पाहिल्या. लगेच पुढच्या महिन्यात, जानेवारी १९४४ मध्ये, कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा अध्यादेश निघाला. कोळशावर उपकर बसवून त्या पैशातून कामगारांची घरे, पाणी, दवाखाने यांची सोय करायची, असा तो निर्णय होता.

त्याच काळातली एक अवघड गोष्टही आपण जाणून घेतली पाहिजे. स्त्रियांना जमिनीखाली काम करायला १९३७ पासून पूर्ण बंदी होती. महायुद्धात कोळसा कमी पडू लागला म्हणून १९४३ मध्ये सरकारने ती उठवली. फेब्रुवारी १९४४ मध्ये कायदेमंडळात त्यावर सरकारला धारेवर धरले गेले, आणि उत्तर द्यायची जबाबदारी बाबासाहेबांवर आली. ही सवलत तात्पुरती आहे आणि खाणीतल्या स्त्रियांना पुरुषांइतकीच मजुरी मिळेल, अशी बाजू त्यांनी मांडली. १९४६ मध्ये बंदी पुन्हा लागू झाली. खाणीतल्या बाईची मजुरी, तिचे बाळंतपण, तिचा जीव हे प्रश्न तेव्हाच देशाच्या कायदेमंडळात बोलले गेले होते. मग आज आपण आपल्या वस्तीत ते बोलायला का कचरावे?

छत: सगळ्यात जुना शत्रू

आपल्याकडच्या बहुतेक भूमिगत खाणी खांब ठेवून खोदल्या जातात. कोळशाच्या थरात आडवे-उभे बोगदे काढतात आणि मध्ये कोळशाचेच मोठे चौकोनी खांब सोडतात. त्या खांबांवर वरचा डोंगराएवढा भार उभा असतो. पुढे तेच खांबही काढून घेतात. त्याला पिलर काढणे म्हणतात. तेव्हा मागची पोकळ जागा, म्हणजे गोफ, मुद्दाम कोसळू दिली जाते. हे काम सगळ्यात जोखमीचे. भार सरकत असतो, आणि तो कुठे बसेल हे आधी ओळखावे लागते.

छत पडण्याआधी ते सांगते. कडकड आवाज येतो. बारीक कपच्या गळतात. लाकडी टेकू दबतो, चिरतो. भिंतीचा कोळसा सुटून खाली येतो. जुना कामगार सब्बलने छत ठोकून पाहतो. आवाज टणक आला तर दगड जागेवर आहे. ढोलासारखा पोकळ आला तर वरचा थर सुटला आहे. सुटलेला दगड आधी पाडून घ्यायचा, याला ड्रेसिंग म्हणतात. मग छताला रूफ बोल्ट मारायचे किंवा टेकू लावायचे, आणि त्यानंतरच पुढे जायचे.

सुरुंग फोडल्यावर जे छत नव्याने उघडे पडते, त्याच्याखाली आधार लागेपर्यंत काम करायचे नाही, हा नियम आहे. तो मोडला जातो तो घाईमुळे. आजचा कोळसा आज निघाला पाहिजे, ही घाई. काकांनी सांगितले ते आमच्या लक्षात राहिले: "टनाचा हिशेब संध्याकाळी होतो, छताचा हिशेब त्याच मिनिटाला होतो."

घरच्यांनी विचारावे असे काही प्रश्न आहेत. तुमच्या पाळीत छत तपासायला मायनिंग सरदार येतो का? बोल्ट मारल्याशिवाय पुढे पाठवतात का? आवाज आला तर मागे यायची मुभा आहे का? ऐकायला साधे वाटतात, पण ज्या घरी हे रोज विचारले जातात तिथला माणूस खालीही सावध राहतो.

वायू: डोळ्याला न दिसणारा

कोळशाच्या थरातून मिथेन वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. हवेत त्याचे प्रमाण साधारण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान गेले की एक ठिणगीही स्फोटाला पुरते. त्या स्फोटाने खाली साचलेली कोळशाची भुकटी उडते आणि तीही पेटते. मग एक छोटा स्फोट मोठा होत बोगद्याबोगद्यातून धावतो. आजच्या झारखंडमधल्या धोरी खाणीत २८ मे १९६५ रोजी असाच स्फोट होऊन २६८ कामगार गेले. सप्टेंबर २००६ मध्ये धनबादजवळच्या भाटडीह खाणीत ५० जण गेले.

म्हणून खाणीत वायू मोजतात. मिथेन १.२५ टक्क्यांच्या वर गेला की वीज बंद करून माणसे बाहेर काढायची असतात. म्हणून हवेचे पंखे चालू ठेवतात. म्हणून कोळशाच्या भुकटीवर दगडाची पांढरी भुकटी पसरतात, की आग पुढे धावू नये. आणि म्हणूनच आत बिडी, काडेपेटी न्यायला बंदी आहे. दारावर झडती घेतात तेव्हा राग येऊ देऊ नका. एका खिशातली एक काडेपेटी सगळ्या पाळीचा जीव घेऊ शकते.

दुसरा वायू कार्बन मोनॉक्साईड. आग किंवा स्फोटानंतर तो पसरतो. तोही दिसत नाही, वास येत नाही. आधी डोके दुखते, चक्कर येते, पाय लटपटतात, मग शुद्ध जाते. पश्चिम बंगालमधल्या न्यू केंदा खाणीत २५ जानेवारी १९९४ रोजी आग लागली आणि ५५ कामगार मृत्युमुखी पडले. जमिनीखाली ज्वाळा लांब असल्या तरी धूर आणि विषारी वायू पोचतातच.

कामगाराच्या कमरेला सेल्फ रेस्क्युअर नावाचा डबा असतो तो यासाठी. काही डब्यांतून श्वास घेताना हवा गरम लागते. ती गरम लागली म्हणजे डबा काम करतो आहे. घाबरून तो तोंडातून काढायचा नाही, बाहेर शुद्ध हवेत येईपर्यंत तसाच ठेवायचा. कित्येक कंत्राटी पोरांना हे कोणी शिकवलेले नसते. आपल्या मुलाला विचारा: डबा आहे का? तो उघडायचा कसा, हे हाताने करून दाखवले आहे का?

तिसरा धोका हवा कमी असलेल्या जागेचा. बंद पडलेल्या जुन्या बोगद्यात प्राणवायू संपलेला असतो. तिथे एक जण पडला की दुसरा त्याला उचलायला धावतो आणि तोही पडतो. विहिरीत आणि गटारातही आपली माणसे अशीच गेली आहेत. काळजी कितीही असली तरी मोजणी आणि साधनांशिवाय आत जायचे नाही. बचाव पथकाला बोलवायचे. बंद खाणीच्या तोंडातून कोळसा वेचायला लेकरांना कधीच पाठवू नका.

पाणी: जुन्या खाणीत साठलेले

२७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला खाणीत वरच्या जुन्या कामात साठलेले पाणी फुटून आत घुसले. सुमारे ३७५ कामगार गेले. २७ सप्टेंबर १९९५ रोजी गजलीटांड खाणीत नदीचे पुराचे पाणी शिरून ६४ जण गेले. २ फेब्रुवारी २००१ रोजी बागडिगी खाणीत २९ जण गेले. आपल्या शेजारीही हे घडले आहे. छिंदवाडा जिल्ह्यातल्या न्यूटन चिखली खाणीत डिसेंबर १९५४ मध्ये पाणी शिरून ६३ कामगार बुडाले. त्या वेळी तो भाग ज्या जुन्या मध्य प्रदेश राज्यात होता, त्याची राजधानी आपले नागपूर होती.

पाणी कुठे साठले आहे हे नकाशावर असायला हवे. जुन्या पाणी भरलेल्या कामापासून ६० मीटरच्या आत जायचे असेल तर खाण सुरक्षा महासंचालनालयाची परवानगी लागते आणि आधी भोके पाडून पुढे पाणी आहे का ते तपासावे लागते. आपल्याकडे वर्धा, इरई, कन्हान या नद्यांच्या काठाकाठाने खाणी आहेत आणि इंग्रजांच्या काळातल्या जुन्या खाणीही आहेत. म्हणून पावसाळ्यात जास्त जागरूक राहायचे. भिंत अचानक ओली होऊ लागली, पाझर वाढला, पाण्याला कुजका वास आला, तर ती खूण आहे. ताबडतोब वरिष्ठाला सांगून माणसे मागे घ्यायची.

वेळेवर आणि डोके शांत ठेवून काम केले तर काय होते, हेही सांगतो. १३ नोव्हेंबर १९८९ रोजी राणीगंजच्या महाबीर खाणीत पाणी शिरून ७१ जण आत अडकले. सहा जण गेले. उरलेले ६५ जण वर आले, कारण जमिनीतून भोक पाडून त्यात लोखंडी पिंजरा सोडला गेला. जसवंत सिंग गिल नावाचे अभियंता स्वतः त्या पिंजऱ्यातून खाली उतरले आणि एकेकाला वर पाठवत राहिले.

टब, दोर आणि सुरुंग

मोठे स्फोट वर्तमानपत्रात येतात. एकेक माणूस जातो तो बातमीतही येत नाही. उतारावर कोळशाचे टब लोखंडी दोराने ओढतात. दोर तुटला किंवा कडी सुटली तर टब सुसाट खाली येतो. म्हणून हॉलेज चालू असताना त्या वाटेने चालायचे नाही. टबवर बसून वर यायचे नाही, कितीही थकवा असला तरी. वाटेत भिंतीत माणूस उभा राहील एवढे कोनाडे केलेले असतात. त्यांत सामान भरून ठेवलेले दिसले तर तक्रार करायची. चालत्या पट्ट्यावरून उडी मारायची नाही, यंत्र चालू असताना त्याची साफसफाई करायची नाही. न फुटलेल्या सुरुंगाला हात लावायचा नाही. ते शॉटफायररचे काम आहे.

सावकाश होणारा अपघात

एक अपघात वीस वर्षे चालतो आणि कोणालाही दिसत नाही. तो म्हणजे धूळ. कोळशाची बारीक धूळ फुप्फुसात बसते आणि तिथले पदार्थ घट्ट होत जातात. डॉक्टर याला न्यूमोकोनिओसिस म्हणतात. छतात भोके पाडताना दगडाची धूळ उडते. त्यातल्या सिलिकाने सिलिकोसिस होतो. या आजारावर औषधाने फुप्फुस पूर्वीसारखे होत नाही. धुळीपासून लांब जाणे आणि पुढचे नुकसान थांबवणे एवढेच हाती असते.

खुणा अशा: जिना चढताना दम लागणे, महिनोन् महिने खोकला, छातीत जडपणा. पुष्कळदा याला टीबी समजून औषध सुरू होते आणि खाणीचा विषय निघतच नाही. सिलिकोसिस असलेल्याला टीबी होण्याची शक्यताही जास्त असते, म्हणून दोन्ही तपासावे लागतात. दवाखान्यात गेल्यावर पहिले वाक्य हे सांगा: "डॉक्टरसाहेब, हे इतकी वर्षे खाणीत काम करतात." बिडी ओढणाऱ्याचे नुकसान आणखी वाढते, म्हणून ती सोडायला घरच्यांनी मदत करावी.

खाण कामगाराची नोकरी लागताना आणि पुढे ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी व छातीचा एक्स-रे व्हायला हवा. ही तपासणी खाणीच्या नियमातच आहे. कंत्राटी कामगारालाही तिचा हक्क आहे. तिचा कागद मागून घरी ठेवा. भोके पाडताना पाणी सोडणे, रस्त्यावर पाणी मारणे ही धूळ दाबण्याची साधी कामे आहेत. ती होतात की नाही, तेही विचारा.

जखमी माणसाला कसे हाताळावे

छताखाली किंवा टबाखाली दबलेल्या माणसाच्या मानेला किंवा पाठीला दुखापत असू शकते. त्याला हातपाय धरून उचलू नका. फळी किंवा स्ट्रेचरवर सरळ ठेवून न्या. तो किती वेळ दबलेला होता, हे डॉक्टरांना नक्की सांगा. बराच वेळ दबलेल्या मांडीतून किंवा हातातून दाब निघाल्यावर रक्तात जे पदार्थ सुटतात, ते मूत्रपिंडावर घाव घालतात. वरून माणूस बरा दिसला तरी दवाखान्यात न्यायलाच हवे. भाजलेल्या जागेवर टूथपेस्ट, हळद, तेल लावू नका. स्वच्छ थंड पाणी ओता आणि स्वच्छ कापडाने झाकून न्या.

कागद ही दुसरी शिरस्त्राणे

त्या तरुणाच्या बायकोकडे काय होते? ठेकेदाराचा मोबाईल नंबर, तो बंद. हजेरीचा कागद नाही, प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र नाही, नामनिर्देशन नाही. तो त्या दिवशी खाली होता हे सिद्ध करायला तिला सोबतच्या पोरांच्या दारोदार फिरावे लागले. हे दुसऱ्या कुठल्याही बहिणीच्या वाट्याला येऊ नये.

म्हणून घरात एक पिशवी करा. तिच्यात ओळखपत्र, खाणीतल्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र, वैद्यकीय तपासणीचा कागद, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक आणि नामनिर्देशनाची प्रत ठेवा. खाणीच्या नोंदवहीत आपले नाव आहे का, हे कामगाराने स्वतः पाहावे. ठेकेदार पळाला तरी भरपाईची मुख्य मालकाची जबाबदारी सुटत नाही, हे पक्के लक्षात ठेवा.

अपघात झाला तर वेळ, जागा, पाळी आणि सोबत कोण होते ते लगेच लिहून काढा. दवाखान्याचे सगळे कागद जपा. कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका. वाचता येत नसेल तर विहारातल्या शिकलेल्या पोराला बोलवा. मोठ्या खाणींत सुरक्षा समिती असते आणि कामगारांचा निरीक्षकही असतो. त्यांची नावे माहीत करून घ्या आणि छताची, पाण्याची तक्रार अपघाताच्या आधीच त्यांच्याकडे लेखी द्या. खाण सुरक्षा महासंचालनालयाचे मुख्यालय धनबादला असून पश्चिम विभागाचे कार्यालय नागपूरला आहे. तिथे कोणीही कामगार तक्रार पाठवू शकतो.

बैठक संपताना ती म्हातारी आई काकांना म्हणाली, "तेव्हा सांगितलं असतं तर?" काका गप्प राहिले. मग तिने आपल्या धाकट्या नातवाचे नाव घेतले. तोही आता खाणीत जायचे म्हणतो आहे. "त्याला घेऊन येते पुढच्या रविवारी," ती म्हणाली. "त्याला शिकवा छत कसं ऐकायचं ते."

रविवारी तो आला. हातात वही होती. सोबत वस्तीतली आणखी सहा पोरे होती. तुमच्या वस्तीतही एका रविवारी विहारात असे बसा. खाणीतून निवृत्त झालेल्या एका काकाला बोलवा आणि आपल्या पोरांना त्यांच्यासमोर बसवा. घरातली कागदांची पिशवीही सोबत आणायला सांगा.